फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा: मोर्चा कुठला आणि राडा कुठला?

लेफ्ट बॅक, परळ

मंडळी, वर्ल्ड कप आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "खेळात राजकारण कशाला आणता?" चाळीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावलेला असो की सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असो, कुठल्यातरी देशात लोक रस्त्यावर उतरल्याची बातमी आली की कोणीतरी हे म्हणतोच. त्यावर सविस्तर बोलायचंय म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्पर्धेच्या दिवसांत रस्त्यावर जे काही होतं ते सगळं आपण "दंगा" म्हणून एकाच पोत्यात भरतो. हक्काचं काही मागणारा मोर्चाही त्यातच आणि हरल्यावर गाड्या फोडणारा राडाही त्यातच. मोर्चात चालणारी माणसं फुटबॉलची वैरी असतात असं मानणं तर साफ चूक आहे. बऱ्याचदा त्या देशातले सगळ्यात कडवे फॅन तेच असतात.

जून २०१३ चं ब्राझील बघा. साओ पावलोत बसचं तिकीट ३ रेआलवरून ३.२० रेआल झालं. मोफत बससेवा मागणाऱ्या तरुणांनी मोर्चे काढले, पोलिसांनी त्यांच्यावर रबरी गोळ्या झाडल्या आणि त्या मारहाणीची चित्रं पाहून देशभरातली माणसं बाहेर पडली. नेमकी त्याच वेळी तिथे कॉन्फेडरेशन्स कप, म्हणजे २०१४ च्या वर्ल्ड कपची रंगीत तालीम असलेली स्पर्धा, सुरू झाली. १५ जूनला ब्राझिलियातल्या उद्घाटनाच्या सामन्यात राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ आणि जागतिक फुटबॉल संघटना फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांची भर मैदानात हुर्यो उडाली. २० जूनला शंभरावर शहरांत मिळून दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते. हातातल्या फलकांवर मागणी होती ती फिफाच्या स्टेडियमांच्या दर्जाच्या हॉस्पिटलांची आणि शाळांची.

याच्या आदल्या दिवशी, १९ जूनला, फोर्तालेझात ब्राझील विरुद्ध मेक्सिको सामना होता. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस अश्रुधूर सोडत होते. आत राष्ट्रगीत सुरू झालं. फिफाच्या वेळेच्या मर्यादेमुळे ध्वनिमुद्रित संगीत मध्येच थांबलं, पण लोक थांबले नाहीत. खेळाडू आणि अख्खं स्टेडियम वाद्यांशिवाय पुढचं कडवं गात राहिलं. पेले यांनी निदर्शनं विसरून संघाच्या पाठीशी उभं राहायचं आवाहन केलं होतं आणि लोक त्यांच्यावरच चिडले होते. नेमारने मात्र आपण या लोकांपासून प्रेरणा घेऊन मैदानात उतरतोय असं त्याच दिवशी जाहीर लिहिलं, आणि नवव्या मिनिटाला गोल केला. साओ पावलो आणि रिओच्या महापालिकांनी त्याच संध्याकाळी भाडेवाढ मागे घेतली.

बाहेर अश्रुधूर खाणारे आणि आत गाणारे हे दोन वेगळे देश नव्हते. मला हेच सांगायचंय.

बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं. त्या वेळी वांद्रे स्टेशनबाहेरच्या रांगेत काय बोललं जात होतं ते आठवा, म्हणजे साओ पावलोच्या मोर्चातला पोरगा परका वाटणार नाही.

तुमची मतं लिहा. विरोधी असली तर जरूर लिहा.

चाळ नंबर तीन

वाचतोय. चांगला विषय.

वसईकर

लेफ्ट बॅक, मोर्चाचा मुद्दा पटला, पण राड्यावरून तुम्ही फार भरभर पुढे गेलात. माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले. बंदोबस्तावरच्या हवालदाराला समोरच्या गर्दीचं मागणं न्याय्य आहे की नाही हे कळायला वेळ नसतो. त्याला फक्त दगड दिसतो. तुमची विभागणी कागदावर छान आहे, गर्दीत ती दिसत नाही.

११ जुलै २०२१ ची रात्र घ्या. युरो स्पर्धेची फायनल, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध इटली. सकाळपासून दारू पिऊन हजारो लोक स्टेडियमबाहेर जमले. बिनतिकिटाच्या झुंडींनी दरवाजे मोडले, त्यात अपंगांसाठी ठेवलेली प्रवेशद्वारं होती. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाच्या मागून लोंढा आत घुसला तर त्या माणसाचं काय होईल याचा विचार करा. इथे कोणाची काय मागणी होती? काहीही नाही. मग पेनल्टीवर इंग्लंड ३-२ ने हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या आणि तासाभरात तिघांच्या खात्यांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. साका तेव्हा १९ वर्षांचा होता.

१९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये लाँस शहरात जर्मन गुंडांनी दानियेल निव्हेल या फ्रेंच पोलिसाला इतकं मारलं की तो कित्येक आठवडे कोमात होता आणि कायमचा अधू झाला. १९९४ मध्ये स्वयंगोल झाला म्हणून कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारला मायदेशी परतल्यावर गोळ्या घातल्या गेल्या. हा सगळा फुटबॉलच्या प्रेमाचाच इतिहास आहे. तो बाजूला ठेवून नुसते मोर्चे मांडू नका.

रानजाई

वसईकर, तुमच्या वडिलांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. पण लेफ्ट बॅक जे म्हणतायत त्याचं सगळ्यात कठीण उदाहरण इराणचं आहे, ते कोणी काढलं नाही म्हणून लिहिते.

१९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये बायकांना पुरुषांचे सामने स्टेडियममध्ये पाहणं जवळजवळ बंद झालं. सहर खोदायारी ही मुलगी इस्तेघलाल क्लबची फॅन. पुरुषी वेष करून २०१९ मध्ये तेहरानच्या आझादी स्टेडियमात शिरायला गेली आणि पकडली गेली. तुरुंगवास होईल असं कळल्यावर तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. क्लबच्या निळ्या रंगावरून लोक तिला "निळी मुलगी" म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, इराण विरुद्ध कंबोडिया सामन्याला बायकांना तिकिटं मिळाली. साडेतीन हजारांच्या आसपास बायका आल्या होत्या आणि इराणने १४-० ने सामना जिंकला. चौदा गोलांतल्या प्रत्येकाला त्या ओरडल्या असतील, आणि तरीही त्यांना पुरुषांपासून वेगळ्या कुंपणात बसवलं होतं.

मग २०२२. हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा अमिनी १६ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गेली आणि इराण पेटलं. दोन महिन्यांनी कतारमध्ये वर्ल्ड कप. २१ नोव्हेंबरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी इराणचे अकराही खेळाडू राष्ट्रगीताला ओठ मिटून उभे राहिले. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत होता आणि मागे प्रेक्षकांत बायका रडताना दिसत होत्या, काही जण आपल्याच राष्ट्रगीताची हुर्यो करत होते. ६-२ ने हरले. वेल्सविरुद्ध मात्र ओठ हलले. त्यांच्यावर काय दबाव आला असेल याचा अंदाज आपण घरी बसून बांधू नये असं मला वाटतं.

मला झोप येऊ न देणारी गोष्ट त्यानंतरची. २९ नोव्हेंबरला अमेरिकेकडून १-० ने हरून इराण स्पर्धेबाहेर गेलं आणि इराणच्याच काही शहरांत, विशेषतः कुर्द भागात, लोकांनी फटाके उडवले, गाड्यांचे भोंगे वाजवले. लहानपणापासून ज्या संघासाठी जीव टाकला तो हरल्यावर आनंद व्हावा अशी वेळ माणसांवर कशी येते? त्याच वेळी दुसरे इराणी म्हणत होते की संघ सरकारचा नाही, आमचा आहे, तो हरल्यावर तुम्ही नाचता कसे? घराघरांत ही भांडणं झाली. मला दोघांचंही दुःख खरं वाटतं. "खेळात राजकारण नको" हे वाक्य त्या घरात कोणाला सांगणार?

शमा, मुंब्रा

पहिल्यांदाच लिहितेय. रानजाईताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे जिथे मोर्चा निघू शकतो अशा देशांबद्दल बोलताय. माझे मामा रत्नागिरीकडचे, शटरिंगचं काम करतात. कतारला लुसैलमध्ये इमारतींच्या साइटवर होते. ज्या स्टेडियममध्ये मेस्सीने कप उचलला ते त्यांच्या डोळ्यांसमोर वर चढलं. तिथे परदेशी कामगाराला युनियन काढायची परवानगी नाही. पगार महिनोन्महिने लांबला तरी गप्प बसायचं, कारण पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात. मामा फोनवर पगाराचं कधीच बोलायचे नाहीत, फक्त उकाड्याचं बोलायचे. हेल्मेटच्या आत ओला पंचा दुमडून ठेवायचे आणि तो अर्ध्या तासात सुकायचा.

कायदे सुधारले हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा मिळाली, २०२१ मध्ये १००० रियाल किमान वेतन आलं, उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद झालं. जगाने वर्ल्ड कपच्या निमित्ताने आरडाओरडा केला नसता तर हे झालं असतं असं मामांना वाटत नाही. 'गार्डियन'ने २०२१ मध्ये लिहिलं होतं की २०१० पासून भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे ६५०० हून जास्त कामगार कतारमध्ये मेले. ते सगळे स्टेडियमवर मेले नव्हते, आकडा सगळ्या प्रकारच्या मृत्यूंचा आहे, हे बातमीतही होतं. पण कित्येकांच्या कागदावर मृत्यूचं कारण "नैसर्गिक" एवढंच लिहिलं गेलं. तिशीतला माणूस झोपेत नैसर्गिकपणे कसा मरतो हे कोणी घरच्यांना सांगितलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये, स्पर्धेला तीन महिने असताना, पगार थकलेले कामगार दोह्यात रस्त्यावर बसले. त्यातल्या काहींना पकडून सरळ मायदेशी धाडलं. तिथला मोर्चा एवढाच.

आणि एक राग अजून आहे. स्पर्धेआधी दोह्यात आपली माणसं, त्यात केरळची खूप, अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे झेंडे घेऊन वाजतगाजत निघाली तेव्हा युरोपातल्या लोकांनी त्यांना "भाड्याचे फॅन" ठरवलं. ज्यांनी ते शहर बांधलं त्यांना फॅन असायचा हक्क नाही? कोळिकोडच्या नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे उंच कटआउट उभारणाऱ्या लोकांचे ते भाऊबंद.

चाळ नंबर तीन

शमाताई, लिहीत राहा. हे वर्तमानपत्रात येत नाही.

कूपरेज कट्टा

मी रोव्हर्स कपच्या काळातला माणूस. कूपरेजला बाकड्यांवर बसून मॅच पाहिल्या आहेत, त्यामुळे थोडं मुंबईचं सांगतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ५ ऑक्टोबरला मेट्रो सिनेमापासून चर्चगेटपर्यंत संतापाचा मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपचे सामने सुरू झाले. भारतात फिफाची स्पर्धा पहिल्यांदा होत होती. मुंबईत कोणी या दोन गोष्टी एकमेकांना जोडल्या नाहीत आणि ते बरोबरच होतं असं मला वाटतं. ते स्टेडियम आधीच उभं होतं, तेही खासगी. पुलाचे पैसे गोलपोस्टला गेले असं कोणी म्हणू शकत नव्हतं. ब्राझीलमध्ये मात्र ज्या ब्राझिलियात वरच्या श्रेणीतला एकही क्लब नव्हता तिथे सत्तर हजार लोकांचं महागडं स्टेडियम सरकारी पैशाने बांधलं, आणि अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनाउसला वर्ल्ड कपचे चार सामने खेळवायला नवं स्टेडियम उभं केलं. तिथल्या लोकांचा हिशेब सरळ होता.

म्हणजे स्पर्धा आणि संताप एकाच आठवड्यात आले म्हणून त्यांचं नातं असतंच असं नाही. ते दरवेळी तपासावं लागतं.

दुसरं, आपल्याकडे राग निघतो तो रिकाम्या खुर्च्यांमधून. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक होते २५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला की शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. ४ जूनला केनियाविरुद्ध पावसात स्टेडियम खच्चून भरलं. एवढी विनवणी देशाच्या कर्णधाराला करावी लागते, याचंही मला दुःख आहे.

आणि १९७८ विसरू नका. अर्जेंटिनात लष्करी राजवट, हजारो तरुण बेपत्ता. ज्या मोन्युमेंताल स्टेडियमवर फायनल झाली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नौदलाच्या शाळेत लोकांचा छळ चालू होता. उद्घाटनाच्या दिवशी नेदरलँड्सचे पत्रकार प्लाझा दे मायो या चौकात गेले आणि मुलांचे पत्ते विचारत फिरणाऱ्या पांढऱ्या रुमालातल्या आयांचं चित्रीकरण करून आले. त्या आयांना कोणी "खेळात राजकारण नको" म्हटलं असतं तर?

निशिगंध

सगळं भावनेने लिहिलंय, ते पोहोचतंही. पण एक प्रश्न. स्टेडियम बांधलं नाही तर तो पैसा हॉस्पिटलला जातो याची हमी काय? ब्राझीलचा आरोग्यावरचा वर्षाचा खर्च स्टेडियमच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा होता. अडचण पैशाची कमी आणि कारभाराची जास्त असते. "हॉस्पिटल की स्टेडियम" ही घोषणा फलकावर चांगली दिसते, अर्थसंकल्पात बसत नाही.

लेफ्ट बॅक, परळ

निशिगंध, हमी नाही, मान्य. पण दबावाने अर्थसंकल्प हलतो याचं ताजं उदाहरण मोरोक्कोचं आहे.

सप्टेंबर २०२५. अगादिर शहरातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सिझेरियननंतर आठ बायका गेल्याची बातमी पसरली. त्या हॉस्पिटलचं नाव हसन दुसरे. मोरोक्को स्पेन-पोर्तुगालबरोबर २०३० चा वर्ल्ड कप भरवणार आहे आणि त्यासाठी कासाब्लांकाजवळ १ लाख १५ हजार लोकांचं स्टेडियम बांधतोय. त्याचंही नाव हसन दुसरे. एकाच राजाच्या नावाच्या या दोन इमारती तिथल्या पोरांना शेजारी शेजारी दिसल्या. देशाच्या फोन कोडवरून "जेनझी २१२" असं नाव घेऊन ती डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर जमली आणि २७ सप्टेंबरपासून रस्त्यावर आली. घोषणा होती: स्टेडियमं इथे आहेत, हॉस्पिटलं कुठे आहेत? काही ठिकाणी जाळपोळ झाली, अगादिरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. वसईकर, इथे तुमचा मुद्दा खरा ठरतो, मोर्चातही राडा शिरतो. पण संघटनेने हिंसेपासून स्वतःला जाहीरपणे वेगळं केलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने पुढच्या वर्षी आरोग्य आणि शिक्षणावर १४० अब्ज दिरहम खर्च करायचं जाहीर केलं.

आणि याच धामधुमीत, १९ ऑक्टोबरला, मोरोक्कोच्या २० वर्षांखालच्या संघाने चिलीमध्ये अर्जेंटिनाला २-० ने हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्याच वयाची पोरं, त्याच रस्त्यांवर, यावेळी झेंडे घेऊन नाचली. त्यांना यात काहीच विसंगत वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

आपल्याकडेही असं घडलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर कोलकात्यात ड्युरंड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. १८ तारखेला दोन्ही क्लबांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही फॅन एकत्र येऊन स्टेडियमबाहेर न्याय मागत उभे राहिले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाल-सोनेरी जर्सीतला पोरगा हिरव्या-मरून जर्सीतल्याच्या खांद्यावर बसलेला होता. याच दोन क्लबांच्या मॅचला १९८० मध्ये ईडन गार्डन्सवर मारामारीत १६ प्रेक्षक मेले होते.

वसईकर

कोलकात्याचं उदाहरण मला माहीत नव्हतं. ते मनात राहील. तरी माझा प्रश्न कायम आहे. राडा झाला तर जबाबदार कोण? फॅन म्हणतो मी नव्हतो, आयोजक म्हणतो गर्दी अचानक आली, आणि डोकं फुटतं हवालदाराचं.

कूपरेज कट्टा

वसईकर, वेम्बलीची चौकशी लुईस केसी यांनी केली, त्यात याचं उत्तर बऱ्यापैकी आहे. सुमारे दोन हजार लोक बिनतिकीट आत गेले, दरवाज्यांवर १७ वेळा सामूहिक घुसखोरी झाली. गुन्हा घुसणाऱ्यांचाच, हे अहवालात स्पष्ट आहे. पण देशाची ५५ वर्षांतली पहिली मोठी फायनल आहे, गर्दी सकाळपासून येणार हे दिसत असताना पोलीस उशिरा तैनात झाले, हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे बंदोबस्तावरच्या शिपायाला मरायला सोडणारे वर बसलेले असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला तेव्हा आपण दोन्ही पाहिलं. १३ तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांना मेस्सीभोवतीच्या नेत्यांची आणि पाहुण्यांची डोकी तेवढी दिसली, तो लवकर निघून गेला आणि मग खुर्च्या उखडल्या गेल्या. आयोजकाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर तो मैदानभर फिरला, प्रेक्षकांत बॉल मारले, लोक आनंदाने घरी गेले. खुर्च्या फेकणं मला मुळीच मान्य नाही. पण कोलकात्याचा फॅन मुंबईच्या फॅनपेक्षा वाईट आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

शमा, मुंब्रा

सगळ्यांचे आभार. मामांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, २०३४ चा वर्ल्ड कप सौदीला दिलाय ते पण लिही. डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं. आमच्याकडची पोरं आत्तापासून रियाध, जेद्द्याच्या कामांची चौकशी करतायत.

तुमच्या ओळखीत कोणी जाणार असेल तर मामांनी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचवा. एजंटची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. प्रवासी भारतीय विमा काढल्याची पावती घरी ठेवून जा. कराराची प्रत आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत मागा, तिचा आणि पासपोर्टचा प्रत्येक पानाचा फोटो घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या. आणि पहिला पगार उशिरा झाला की लगेच घरी सांगा, तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.